चक्री धरणाऱ्या दगडावैनी

तर विळी भिंतीकडं तोंड करून पालथी ठेवली, इथवर काल आलो होतो आपण. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि गोष्ट विळीपाशीच राहिली. विळी पालथी का, तर त्या दिवशी नागपंचमी. आमच्या काटेवाडीत काय, बारामतीत काय, अगदी इंदापूरपर्यंत काय, पंचमीला बायका काही कापत नाहीत, चिरत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. नागोबाला लागतं म्हणतात. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची आणि विळीला सुट्टी द्यायची. आणि त्याच दिवशी, त्याच घराच्या स्लॅबवर, गडीमाणसं आणि पोरं सकाळपासून एकमेकांचे पतंग कापत असतात. खाली भेंडीचं देठ मोडायचं तर हातानं, आणि वर "कापलाऽऽ" म्हणून बोंब. मध्ये एक जिना, बस.

मला जन्मात कधी यात काही वावगं दिसलं नाही. दगडावैनींना दिसलं, तेही परकराच्या वयात.

दगडावैनी म्हणजे आमच्या शेजारच्या संभाजीरावांच्या मालकीण. त्यांच्या गोठ्याची आणि आमच्या परड्याची भिंत एकच. भिंतीवरून दही येतं, भिंतीवरून कोथिंबीर जाते, आणि गोष्टी तर दोन्हीकडून. माहेर लासुर्ण्याचं, कालव्याच्या काठाला. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं नाव दगडा ठेवलं. दगड कोण उचलून नेतंय, असा हिशेब. पोर जगली. पाठीवर दोन भाऊही जगले, आणि त्यांची नावं मात्र छान देवादिकांची ठेवली गेली. वैनी हे सांगतात तेव्हा स्वतःच इतक्या हसतात की हातातला चहा सांडतो.

त्या वेळी लासुर्ण्यात माळवदाची घरं होती. पंचमीला भाऊ माळवदावर चढायचे आणि मागोमाग दगडाला हाक जायची, "अक्के, चक्री धराय ये!" पतंग भावाच्या हातात, दोरा गुंडाळलेली चक्री बहिणीच्या. तसंच असायचं सगळ्या माळवदांवर. कुणी ठरवलं होतं असंही नाही. पाणी उताराकडं जातं तशी चक्री पोरीच्या हातात जायची.

आता चक्री धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरली नाही त्याला सांगून कळायचं नाही. दोन बाजूंच्या दांड्या तळहातावर सैल ठेवायच्या. वरच्यानं "ढील" म्हटलं की फिरू द्यायची, "लपेट" म्हटलं की भराभरा गुंडाळायची. आणि डोळा चक्रीवरून हलवायचा नाही, नाहीतर गुंता. एकदा छोट्या दगडाचा डोळा हलला. वर कसला तरी जांभळा पतंग आला होता म्हणे, शेपटीवाला. ती बघत राहिली आणि दोऱ्याचं भेंडोळं झालं. भाऊ ओरडला, "वर काय बघतीस? चक्रीकडं बघ!"

तेव्हापासून वैनी चक्रीकडं बघतात.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं होतं, "आये, आज कापायचं न्हाय तर ह्ये पतंग कसं कापत्यात?"

आई दिंडं उकडत होती. म्हणाली, "गड्यांचं येगळं असतं."

"नागोबाला कसं कळतं, गड्यानं कापलं का बाईनं?"

यावर त्यांना दिंड मिळालं. तोंड बंद करायला गरम दिंडासारखं दुसरं काही नाही.

लग्न होऊन काटेवाडीला आल्या तर हितं संभाजीराव. ह्या माणसाचा पतंग म्हणजे काय विचारता! उसाला पाणी धरलेलं असलं तरी पंचमीला फावडं बांधावर टाकून हा गडी स्लॅबवर. आणि मागं नवी नवरी, डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात, हातात चक्री. मी पलीकडून बघायचो. संभाजीराव मान वर करून असा उभा राहायचा जसा काही आभाळच नांगरायला घेतलंय. "ढील दे गं! आगं, ढील!" वैनींची मान खाली. त्यांना पतंग कधी कापला, कुणी कापला, कळायचं ते नुसतं ओरडण्यावरून. पुढं मुलगा अजित मोठा झाला, त्याची चक्री धरली. आता नातू ऋषिराज, त्याचीही धरली. दोरा बदलला, कागद बदलला, मातीच्या माळवदाचा स्लॅब झाला. चक्री धरणारे हात तेच.

एकदा भिंतीपाशी चहा पिताना वैनी म्हणाल्या, "तात्या, मला एक सपान पडतंय, लई वर्सं झाली. चक्री हातात फिरतीय, फिरतीय, आन् दोरा सरतच न्हाय. वर ढगात काय तरी बांधलंय, ते वढतंय. पर काय बांधलंय ते काय दिसत न्हाय."

"मग वर बघायचं की सपनात तरी," मी म्हणालो.

"सपनात बी कुणी तरी म्हणतंय, चक्रीकडं बघ."

आणि हसल्या. पण या वेळी चहा सांडला नाही.

आता यंदाचं. पंचमीच्या आधी अजित बारामतीच्या बाजारात गेला. दुकानदारानं विचारलं, मुलगा आहे का मुलगी? हा म्हणाला, एक एक आहे. झालं. ऋषिराजला पतंगांची चळत आणि नवी कोरी चक्री, आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, छकुलीला, गुलाबी भातुकली. प्लॅस्टिकचा गॅस, प्लॅस्टिकचा कुकर, मिक्सरसुद्धा. खोका केवढा मोठा! अजितला वाटलं, पोरगी नाचेल.

छकुलीनं खोका उघडला. एकेक वस्तू बाहेर काढली, तळ बघितला, खोका उलटा करून झटकला.

"पप्पा, माझा पतंग?"

"पतंग दादाचा. तू चक्री धर की दादाची. आजी धरती तशी."

छकुली रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, अजित लगेच विरघळतो. ती कुकर घेऊन गोठ्यात गेली. तिथं नुकतीच व्यालेली गाय आणि तिचं तांबडं वासरू. वासराला तिनं कुकर हुंगायला दिला. वासरानं चाटला, शिंकलं, आणि दाव्याला हिसका देऊन दारातल्या उन्हाकडं ओढ घेतली. वैनी धार काढत होत्या. भिंतीच्या अलीकडं मी कडबा लावत होतो, म्हणून पुढचं मला सगळं ऐकू आलं.

"आजी, पतंग उडवताना कसं वाटतं गं? हाताला?"

धारेचा आवाज थांबला.

"मला म्हाईत न्हाय, बाळा."

"असं कसं? तू तर दरसाली स्लॅबवर असतीस!"

"चक्री धराय असते."

"आज्याला विचारलं तर आजा म्हणतो, भारी वाटतं. दादा म्हणतो, पोरींना कळायचं न्हाय." मग म्हणाली, "तूच सांग. तू थापा मारत न्हाईस."

गाईनं शेपटी मारलेली ऐकू आली. मग वैनींचा आवाज, नेहमीपेक्षा हळू. "पंचमीला सांगते."

"नक्की?"

"व्हय. नक्की."

धार पुन्हा सुरू झाली, पण तिची लय चुकत होती. तासाभरानं वैनी भिंतीवरून दही द्यायला आल्या. त्याच म्हणाल्या, "तात्या, म्या पोरीला शबूद दिऊन बसले. आता जे म्हाईतच न्हाय ते सांगू कसं?"

पंचमीला सकाळी बायका नटूनथटून वारुळाला गेल्या. लाह्या, फुटाणे, नव्या बांगड्या, गाणी. तिथून सगळ्या कालव्याकडच्या लिंबाखाली, झोक्यावर. मी आपला दूध घालून त्या वाटेनं येत होतो. ठमाबाई, आमच्या आळीतली सगळ्यांत तोंडाळ बाई, झोक्यावर उभी होती. तिनं मला गाठलंच.

"ओ तात्या! नुसतं बघता काय, चढा की!"

"आगं, झोका बायकांचा."

"झोक्यावर नाव हाय का बायकांचं? का भ्या वाटतंय?"

म्हाताऱ्याला भ्या वाटतंय म्हटल्यावर काय करणार? बसलो. दोघीतिघींनी असा काही हेलकावा दिला की टोपी गेली लिंबाच्या पल्याड. वर गेलो तेव्हा सगळा ऊस पायाखाली हिरवा हिरवा वाहत होता, कालव्याचं पाणी चांदीच्या पट्टीसारखं, आणि गावावर पतंगच पतंग, जसं कुणी आभाळात फुलं उधळलीत. खाली आलो की गाणं जवळ, वर गेलो की गाणं लांब. मला क्षणभर कळेना मी कोण, कुणाचा आजा, दुधाची किटली कुठं. एवढी मजा ह्या बायकांनी आमच्यापासून लपवून ठेवली होती की!

उतरलो तर पाय जमिनीला लागेनात. दगडावैनी माझी टोपी झाडत उभ्या होत्या.

"कसं वाटलं, तात्या?"

"वैनी, ते सांगायचं न्हाय. बसायचं."

त्यांनी टोपी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तेच म्हणते मी." आणि ताडताड घराकडं निघाल्या. मी मागं.

घरात गेल्या, विळी पालथी आहे का बघितली, आणि जिना चढल्या. स्लॅबवर ऋषिराजचा पतंग वर होता, अजित हातातली चक्री धरायला कुणी येतंय का याची वाट बघत होता, संभाजीराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. छकुली पाण्याच्या टाकीला टेकून.

"आली आई!" अजितनं चक्री पुढं केली.

वैनींनी ती घेतली नाही. "ऋषिराज, चळतीतला एक पतंग दे."

"कुणाला?"

"मला."

ऋषिराज हसला, अजितही हसला. "आई, वय काय तुझं! पाय घसरला तर?"

"दगडाला काय हुतंय? दे रं."

"आजी, हा घे, पण मांजा माझ्यातला वापर," ऋषिराज म्हणाला. पोरगं मनानं चांगलं आहे.

"मांजा नको. साधा दोरा दे. काचंचा दोरा म्हंजी कापायचं आलं, आन् आज मी विळी पालथी घालून आले."

"साधा दोरा कुणीबी कापंल!"

"कापू दे. मी कुणाचा कापणार न्हाय, एवढंच."

पतंगाला दोरा बांधून झाला. जुनी चक्री अडगळीतनं निघाली, वैनींच्याच हातानं गुळगुळीत झालेली. आणि मग ती अडचण आली जिचा आमच्यापैकी कुणी विचारच केला नव्हता. चक्री धरणार कोण?

"मी न्हाय," ऋषिराज म्हणाला. "चक्री पोरी धरत्यात."

"मी धरते!" छकुली पुढं आली.

"तू न्हाय," वैनी म्हणाल्या. "तू माझ्यापाशी हुबी रहा. वर बघायचं फकस्त."

अजितनं मोबाईल काढला, जणू त्याला व्हिडिओचं काम आधीच नेमून दिलं होतं. मी संधिवाताची बोटं दाखवली, आणि ती खरीच आहेत. मग खुर्ची कुरकुरली. संभाजीराव उठले, काळा चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "आणा हिकडं."

पहिल्यांदा पतंग वर गेला नाही. गेला तो कठड्यावर आपटला. पुन्हा सोडला, गिरकी खाऊन खाली. पलीकडच्या स्लॅबवरची पोरं खूश झाली.

"आजीऽऽ, चपाती लाटतीय का?"

"चपाती आज बंद हाय रं!" वैनी ओरडल्या. "पंचमी हाय, तव्याला सुट्टी!"

मग वाऱ्याचा एक लोट उसावरनं आला. पतंग वैनींच्या हातातून सुटल्यासारखा झाला आणि सुटला नाही. उचलला गेला. टाकीच्या वर, लाईटच्या तारांच्या वर. छकुलीची मान मागं मागं गेली. संभाजीरावांचीही. आणि खळ्ळकन आवाज झाला, दोरा चक्रीच्या दांडीत अडकला आणि हां हां म्हणता भेंडोळं.

"अवो!" वैनींनी मागं वळूनही बघितलं नाही. "वर काय बघता? चक्रीकडं बघा!"

मग पहिला मी हसलो, मग अजित, मग सगळेच.

संभाजीराव गुंता सोडवत कुरकुरले, "आगं, पर वर काय चाललंय ते दिसंना की मला."

"मला बी दिसत न्हवतं."

"कवा?"

"कवाच न्हाय."

संभाजीरावांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग मान खाली घालून, दोन्ही तळहातांवर चक्री सैल ठेवून उभे राहिले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. हा माणूस पंचमीला मान खाली घालून उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

तेवढ्यात पलीकडचा लाल पतंग तिरका होत आमच्याकडं सरकला.

"आजी, कापू का?"

"काप की! पर आधी तुझ्या आयला इचार, आज घरात काय चिरलंय का!"

त्याची आई अंगणातच होती. "ए रताळ्या, म्हातारीच्या मागं लागतुयास व्हय?" असं ओरडली, पण लाल पतंग यायचा थांबला नाही. ऋषिराजचा चेहरा पडला. छकुलीनं आजीचा पदर मुठीत धरला. तिला कळत होतं, पतंग गेला की आजीचा शब्दही गेला.

"ढील!" वैनी म्हणाल्या.

आणि चक्री फिरली. अशी फिरली, संभाजीरावांच्या त्या रापलेल्या हातांत, की नुसता भिंगरीचा आवाज. वैनींनी दोरा ताणलाच नाही, अडवलाच नाही. दिला, देत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी तेवढंच तर केलं होतं. लाल पतंग झेपावला आणि त्याला नुसता वारा लागला. वैनींचा पतंग कधीच पुढं निघून गेला होता, कालव्याच्या वर, कालव्याच्या पल्याड.

ढगातनं ऊन उतरलं होतं आणि उसाच्या रानावर सावल्या सरकत होत्या. पतंग मोगऱ्याच्या कळीएवढा. दोरा तर दिसतच नव्हता; वैनींच्या बोटापासून हातभर दिसायचा आणि मग आभाळात विरून जायचा. कालव्याकडनं झोक्यावरची गाणी येत होती, मध्येच तुटत, मध्येच जुळत. मला सकाळच्या झोक्यासारखं झालं. वाटलं, आमचा स्लॅबच कुणी तरी सैल सोडलाय आणि आम्ही सगळे, खुर्ची, टाकी, काळा चष्मा, मोबाईल धरलेला अजित, हळूहळू रानावरनं तरंगत चाललोय, आणि आम्हांला धरून ठेवणारी एकटी ही बाई.

वैनी वर बघत होत्या. तोंड थोडं उघडं, पदर खांद्यावर आलेला, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. लासुर्ण्याच्या माळवदावरची ती पोरगी मी कधी बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली.

छकुलीनं पदर ओढला. "आजी, आज पंचमी हाय. सांग आता. कसं वाटतं?"

ऋषिराजनं आपला पतंग कधी खाली घेतला होता कुणास ठाऊक, तोही जवळ आला. अजितनं मोबाईल खाली केला. संभाजीरावांनी मान वर केली नाही, पण कान इकडंच.

वैनींनी बोटाभोवतीचा दोरा जरा सैल केला, पुन्हा धरला, आणि म्हणाल्या, "आपलं तांबडं वासरू दावणीला बांधल्यावर दारातलं ऊन बघून वढ घेतं न्हाय का, आगदी तसं वाटतंय गं. आपुन त्याला धरलंय का त्येनं आपल्याला, ह्येच कळंना झालंय. पर मी सांगून तुला काय कळायचं, छकुले? हं, धर. घट नगं, आसा. आन् वर बघ, चक्रीकडं बघाया आजा हाय."